ढगाखालची भट्टी

साताऱ्यात चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर, सांगलीत ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि मागोमाग पाऊस रुसला, तेव्हा गावोगाव एक बोलणे पसरले: ही पाती ढग पळवून लावतात. पारावर, एसटीत, बाजारात हेच. शिकलेले लोक हसले. हसण्यासारखे होतेही, कारण पात्याचे टोक फार तर शंभरेक मीटरवर फिरते आणि पूर्वेकडच्या माळावर ढगाचा तळ त्याच्या कितीतरी वर असतो. पण हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पुढच्याच दुष्काळात कोणी सांगितले की माळावर एक भट्टी पेटवा, तिच्यात मीठ टाका, पाऊस पडेल, तर त्यांनी वर्गणी काढली. यंत्र ढग पळवते ही अंधश्रद्धा आणि यंत्र ढग पाडते हे विज्ञान, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. खरे तर दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूचा हात ढगापर्यंत पोचतो का, आणि पोचला तर ते ओळखायचे कसे?

जमिनीवरून चालवायच्या कृत्रिम पावसाच्या साधनांची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला त्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर जास्त रेंगाळायचे आहे. विमानातून केलेल्या प्रयोगांवर वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले. रडार, वैमानिक, पंखाखाली लावलेल्या नळकांड्या हे सारे छायाचित्रात चांगले दिसते. जमिनीवरच्या बर्नरला ते भाग्य नाही. पण खर्च कमी, चालवायला सोपे, ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले म्हणून दुष्काळी तालुक्यांत पुन्हा पुन्हा विषय निघतो तो याच साधनाचा. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवे.

त्यासाठी साताऱ्यासारखी जागा नाही. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पाचगणीपर्यंत उतरलात की तो निम्म्याहून कमी होतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास येऊन टेकतो. सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ याच पर्जन्यछायेतले. जूनपासून ऑगस्टपर्यंत या तालुक्यांवरून ढग रोज जातात, पश्चिमेकडून पूर्वेकडे, घाईत. माणदेशातल्या माणसाला ढग दिसत नाहीत असे कधीच होत नाही. दिसतात आणि पडत नाहीत, हे त्याचे दुखणे. खरा पाऊस यायचा तो उत्तरा-हस्तात. तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या ढगाला थोडे ढोसले तर, हा विचार इथे कोणाच्याही मनात येईल.

ढग म्हणजे काय हे पाहायला पावसाळ्यात महाबळेश्वरला वर मान करावी लागत नाही. ढग दारातून आत येतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी चढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली तिथे ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा उभारली ती याचसाठी. विमानाने ज्या ढगात शिरायला लाखो रुपये लागतात तो इथे खिडकीशी उभा असतो. वाऱ्यात मांडलेल्या उपकरणातून लेझरचा किरण जातो आणि समोरून जाणारा प्रत्येक थेंब मोजला जातो. या थेंबांना थेंब म्हणणे जडच. त्यांचा व्यास दहा-वीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथा-पाचवा हिस्सा. पावसाचा एक बऱ्यापैकी टपोरा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख एकत्र यावे लागतात. बाष्प नुसते साचत राहून हे काम होत नाही. काही थेंब इतरांपेक्षा मोठे असावे लागतात, म्हणजे ते वेगाने खाली येतात आणि वाटेतल्या लहानांना गिळत जातात. सगळे थेंब सारख्याच आकाराचे असले तर कोणी कोणाला गाठत नाही आणि तो ढग तसाच धाराशिवकडे निघून जातो. कृत्रिम पावसाचा सारा खटाटोप ढगात असे काही मोठे थेंब पेरण्याचा आहे. ढग तयार करणे त्यात येत नाही. निरभ्र आकाशाखाली पेटवलेली भट्टी ही फक्त भट्टी असते.

जमिनीवरची साधने मुख्यतः दोन जातींची. पहिली चांदीची. १९४६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी शीतपेटीत कोरडा बर्फ टाकून अतिशीत धुक्याचे हिमकण करून दाखवले, आणि त्याच वर्षी त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सापडले की सिल्व्हर आयोडाईडची स्फटिकरचना बर्फाच्या इतकी जवळची आहे की गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाणी तिच्याभोवती चटकन गोठते. मग यंत्र सोपे झाले. सिल्व्हर आयोडाईड ॲसिटोनमध्ये विरघळवायचे, गॅसच्या ज्योतीत फवारून जाळायचे, निघणारा अदृश्य धूर डोंगराच्या उतारावरून वाऱ्याने वर न्यायचा. तासाला वीस-पंचवीस ग्रॅम पुरते. वायोमिंग, आयडाहोसारख्या अमेरिकी राज्यांत हिवाळ्यात डोंगरउतारावर असे बर्नर आजही चालतात, तिथल्या शिखरांवर बर्फ वाढावा म्हणून.

हे तंत्र आपल्याकडे यायला पाच वर्षेही लागली नाहीत. १९५१ साली टाटांनी पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाईडचे बर्नर चालवले. कृत्रिम पावसाचा देशातला पहिला प्रयत्न म्हणून त्याचीच नोंद होते. घाटमाथ्यावरच्या तलावांतून वीज काढणाऱ्यांना पावसात रस असणे साहजिक होते. म्हणजे भारतात हा विषय सुरू झाला तो जमिनीवरून आणि सह्याद्रीतच. विमान नंतर आले.

पण चांदीच्या बर्नरची एक अट आहे. त्याला गोठणबिंदूच्या किमान पाच-सहा अंश खाली असलेले, तरीही न गोठलेले पाणी लागते. आयडाहोच्या हिवाळ्यात ते डोंगराच्या उंचीवरच मिळते. आपल्या मान्सूनमध्ये शून्य अंशाची रेषाच साधारण साडेपाच किलोमीटरवर असते. महाबळेश्वर सव्वा किलोमीटरच्या थोडे वर. मधले चार किलोमीटर तो धूर चढणार कशाच्या जोरावर? गडगडाटी ढगाचा उचल देणारा झोत असेल तर चढेल, पण घाटावरचे पावसाळी ढग बहुतांशी उथळ असतात. गोठणरेषेपर्यंत न पोचताच ते मुसळधार कोसळतात. वायोमिंगच्या माहितीपत्रकातला आकडा साताऱ्याच्या निविदेत उतरवणाऱ्याने हे एवढे तरी पाहावे.

आपल्या ढगांना लागते ते दुसऱ्या जातीचे साधन, म्हणजे मीठ. मिठाचा कण ओलावा ओढतो, ढगाच्या तळाशी शिरताच भोवतीच्या थेंबांपेक्षा मोठा होतो आणि गिळण्याचे काम सुरू करतो. १९५७ ते १९६६ या काळात दिल्ली, आग्रा आणि जयपूरच्या आसपास भारतीय शास्त्रज्ञांनी जमिनीवरूनच मिठाची पेरणी केली, आणि सरासरी वीसेक टक्के जास्त पाऊस झाल्याचे १९६८ साली प्रसिद्ध केले. जमिनीवरच्या यंत्रांनी देशात केलेले पद्धतशीर काम म्हणायचे तर हेच. त्या आकड्यावर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण निदान शंका घ्यायला आकडा होता.

आता मीठ कोणते? स्वयंपाकघरातला दाणा जाडीला तीनशे मायक्रॉन. तो वर नेला तर ढगात टिकणारच नाही. हवा दहा मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणजे आपल्या एका दाण्याचे सत्तावीस हजार तुकडे करायचे. एवढे बारीक दळल्यावर एक किलोत सुमारे नऊशे अब्ज कण होतात. आकडा प्रचंड वाटतो, पण एक घन किलोमीटर ढगात ते सारखे पसरले तर लिटरमागे जेमतेम एक कण वाट्याला येतो. म्हणजे मूठभर मिठाने काही होत नाही, आणि पोतेभर जाड मिठानेही होत नाही. त्यात पावसाळी हवा. इतके बारीक मीठ चक्कीतून निघाल्यावर तासाभरात ढेकळे धरते. म्हणूनच पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विमानातून मीठ सोडताना त्यात संगजिऱ्याची पूड मिसळली होती, दहा भाग मिठाला एक भाग. जमिनीवरचे चांगले यंत्र म्हणजे मुख्यतः हेच: मीठ कोरडे ठेवणारी, मोकळे करणारी आणि जोरात वर फेकणारी व्यवस्था. तिच्यात दिसण्यासारखे काही नाही. भट्टीत निदान ज्वाळा दिसतात.

भट्टीची गोष्ट महाराष्ट्रात गेली काही वर्षे ‘वरुणयंत्र’ या नावाने गाजली. मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी डॉ. राजा मराठे यांनी ही कल्पना लोकांपर्यंत नेली: लाकडे पेटवा, आच चढली की मीठ टाका, उष्ण हवेबरोबर कण वर जातील. मागे काही विकण्याचा हेतू नाही, कोणीही करावे असा मोकळेपणा आहे, आणि दुष्काळात हातावर हात ठेवून बसलेल्या गावाला काहीतरी करायला मिळते. त्या भावनेला मी नावे ठेवणार नाही. पण भट्टीत मिठाचे काय होते ते पाहिले पाहिजे. ज्वाळा पिवळीधमक होते ती मिठातल्या सोडियममुळे, याचा अर्थ थोडे मीठ वाफ होऊन वर गेले. ती वाफ थंड झाली की तिचे कण मायक्रॉनच्याही अंशाएवढे होतात, म्हणजे हवे त्यापेक्षा फारच लहान. उरलेले मीठ ८०१ अंशांवर वितळते आणि राखेत जाते. शिवाय लाकडाचा धूर आहेच.

हा धूरच मला जास्त घोर लावतो. धुराचे कण म्हणजे असंख्य सूक्ष्म बिया. ढगातले पाणी तेवढेच, बिया मात्र दसपट. एका घरापुरत्या भाकरीवर साऱ्या वाड्याला जेवायला बसवले तर कोणाचेच पोट भरत नाही, तसे थेंब सगळेच खुरटे राहतात आणि पाऊस पाडायची ऐपत एकाचीही होत नाही. उसाच्या या दोन जिल्ह्यांनी एक जुना निबंध मुद्दाम वाचावा. १९६८ साली जे. वॉर्नर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने असे मांडले की क्वीन्सलँडमध्ये तोडणीच्या हंगामात ऊस पेटवल्याने वाऱ्याच्या दिशेच्या गावांत पाऊस घटला. पुढे त्यांनी स्वतःच इतर ठिकाणचे आकडे तपासले तेव्हा तशी स्पष्ट घट दिसली नाही, आणि तेही त्यांनी छापले. म्हणून आपल्याकडे पाचट पेटवल्याने पाऊस कमी होतो असे मी म्हणत नाही. पण पाचटाच्या धुराला शिव्या आणि भट्टीच्या धुराला नारळ, हे मात्र जमत नाही.

यंत्र बरोबर असले तरी ते ठेवायचे कुठे? दहिवडीला पाऊस हवा म्हणून दहिवडीत भट्टी पेटवणे ही सगळ्यात मोठी चूक. मीठ ढगाच्या तळापर्यंत चढायला पंधरा-वीस मिनिटे, थेंब वाढून खाली यायला आणखी तेवढीच. तोवर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरचा पश्चिम वारा सगळे पुढे घेऊन जातो. वडूजच्या पश्चिमेला सोडलेले मीठ नशीब असेल तर दहिवडीच्या आसपास उतरेल. दहिवडीत सोडलेल्याचा लाभ तिच्या पूर्वेकडच्या गावांना. त्यातही घाट ओलांडून आलेली हवा खाली उतरत असते. पर्जन्यछाया म्हणतात ती यालाच. उतरत्या हवेत खालून सोडलेली वस्तू वर जात नाही. जमिनीवरच्या यंत्राला इथे खरी संधी मिळते ती तापलेल्या दुपारी, जेव्हा माळावरून उचल धरून ढग उभे वाढतात. मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या संस्थेने बसवलेल्या रडारच्या नोंदींवरून निघाले तेही असेच: घाटाच्या पश्चिमेला ढग पुष्कळ पण उथळ, पूर्वेला थोडे पण उंच. असे उंच वाढणारे ढग गाठायचे तर रडारवर नजर ठेवून, नेमक्या तासाला, नेमक्या गावातला बर्नर चालू करावा लागेल. मुहूर्तावर पाहुण्यांच्या हस्ते पेटवायची ही वस्तू नव्हे.

समजा, हे सगळे केले आणि पाऊस पडला. कशाने पडला? मान्सूनमध्ये भट्टी पेटवली आणि दोन दिवसांत पाऊस आला, असे बहुतेकदा होणारच. भट्टी न पेटवलेल्या गावातही तो आलेला असतो. यावर उपाय काय ते पुण्याच्या शास्त्रज्ञांनी याच पर्जन्यछायेत दाखवून ठेवले आहे. १९७३-७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ अशी अकरा वर्षे त्यांनी विमानातून मिठाची पेरणी केली. उत्तरेचा एक पट्टा, दक्षिणेचा एक, मध्ये मोकळी जागा. कोणत्या दिवशी कोणता पट्टा पेरायचा हे यदृच्छेने ठरे, शास्त्रज्ञाच्या मर्जीने नव्हे. दुसरा पट्टा तुलनेला. अकरा वर्षांअखेर पेरलेल्या बाजूला २४ टक्के जास्त पाऊस निघाला. पुढे २०१८ आणि २०१९ साली सोलापूरभोवती त्याच संस्थेने २७६ ढग निवडले, काहींत पेरणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले. पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के वाढ झाली, खर्च लिटरला सुमारे १८ पैसे. दहा हजार लिटरच्या टँकरला हा हिशेब अठराशे रुपये होतो. पण टँकर विहिरीत रिकामा करता येतो आणि हे पाणी पडेल तिथे पडते, हेही त्या हिशेबात धरावे.

आणि कोणी इस्रायलचे नाव घेतले, जे आपल्याकडे पाण्याच्या प्रत्येक सभेत घेतले जातेच, तर त्यालाही सांगावे. इस्रायलने काही दशके विमानातून आणि जमिनीवरून पेरणी केली, मग पुन्हा एकदा कडक चाचणी लावली. वाढ निघाली दोन टक्क्यांच्याही आत, ती खरी की योगायोग हे ठरवता येईना. त्यांनी कार्यक्रम बंद केला. ठिबकच्या नळीइतकीच ही गोष्टही आयात करण्यासारखी आहे.

२४ आणि १८ टक्के हे दोन्ही भारतीय आकडे विमानाचे आहेत, जमिनीवरच्या यंत्राचे नव्हेत, हे पुस्तक वाचताना लक्षात असू द्या. जमिनीवरच्या यंत्राची तशी चाचणी सातारा-सांगलीत अवघड नाही. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत; ती पुरेशी नाहीत, कारण वळवासारखी सर कधी कधी चार-पाच किलोमीटरच रुंद असते आणि दोन केंद्रांच्या मधून निसटते, पण शाळाशाळांत पर्जन्यमापक ठेवणे भट्टीपेक्षा स्वस्त आहे. कसोटी लागते ती चिकाटीची. निम्मे दिवस यंत्र मुद्दाम बंद ठेवायचे, समोर भरलेले ढग जाताना पाहत बसायचे, तेही दुष्काळात. कोणता सरपंच हे गावाला पटवून देईल?

म्हणूनच दुष्काळात या गोष्टीला हात लावू नये असे माझे मत आहे. दुष्काळाच्या वर्षी पेरण्यासारखे ढगच कमी असतात. वीस टक्के वाढ धरली तरी ती थोड्यावरची वीस टक्के. साधारण बऱ्या वर्षी ढग मिळतात, आणि पडलेले पाणी तलावात, जमिनीत साठवून ठेवता येते. पण बऱ्या वर्षी कोणाला आठवण होत नाही. २००३, २०१५, २०१९: राज्य सरकारची विमाने उडाली ती ओरड झाल्यावरच. २०१९ चा ऑगस्ट तर विसरू म्हणता विसरता येत नाही. औरंगाबादहून मराठवाड्यासाठी पहिले विमान उडाले त्याच दिवसांत सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची रेषा ४५ ची. शहर पाण्यात आणि त्याच जिल्ह्याचा पूर्व भाग पावसाची वाट पाहत. या भूगोलात पाणी इकडून तिकडे नेण्याचे काम टेंभू, म्हैसाळ, ताकारी, उरमोडीच्या पंपांनी आणि कालव्यांनी जेवढे केले तेवढे कोणताही बर्नर करणार नाही. तो करणार असेल तर वरची भर.

ती भरही सगळ्यांना हवी आहे असे नाही. जत आणि माणच्या ज्वारीवाल्याला, शाळू पेरणाऱ्याला, हस्ताचा पाऊस म्हणजे वर्षाची बेगमी. तासगाव, कवठेमहांकाळच्या बागायतदाराची द्राक्षे तेव्हा छाटणीला आलेली असतात. छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस बसला की दावण्या येतो, फुलोऱ्यात आला की घड गळतात, आणि एकरी लाखोंचा खर्च औषधांच्या फवारणीत वाहून जातो. दोघे एकाच आकाशाखाली, कधी एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात. पंधरा-वीस किलोमीटर पश्चिमेला कोणी सप्टेंबरअखेर बर्नर पेटवला आणि सर द्राक्षाच्या मळ्यावर उतरली, तर बागायतदाराला नुकसानभरपाई कोणी द्यायची? यंत्र चालवणारा म्हणेल, पाऊस निसर्गाचा. मग श्रेय घेतानाही त्याने तेच म्हणायला हवे.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने १९७२ मध्येच यासाठी कायदा केला: परवाना घ्या, आधी जाहीर सूचना द्या, लोकांचे म्हणणे ऐका, मग बर्नर लावा. आपल्याकडे एवढे मोठे काही नको. कोणत्या गावात, कोणत्या तारखांना, काय जाळणार किंवा उधळणार, वारा कुठे जाणार आणि पाऊस कोण मोजणार, एवढे एका कागदावर लिहून तो वाऱ्याच्या दिशेच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तहसील कचेरीत लावावा. आणि सप्टेंबरात यंत्र चालवायचे असेल तर गणपतीच्या आधीच लावावा, म्हणजे बागायतदाराला छाटणीची तारीख मागेपुढे करायला वेळ मिळेल.